तापीकाठची अमेरिकन मोटार

इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील सुरतेहून निघून, खानदेश ओलांडून बुऱ्हाणपुरास पोहोचला. त्या वेळी हे शहर मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचे मुख्य ठाणे होते व जहांगीर बादशहाचा मुलगा परवेझ तेथे राहत असे. रोने शहजाद्याची भेट घेतली, तेथेच त्याने तापाने अंथरूण धरले आणि मग तो अजमेरच्या वाटेला लागला. बादशहासाठी पाठविलेल्या नजराण्यांत एक विलायती घोडागाडी होती व ती हाकण्यासाठी इंग्रज गाडीवानही होता. त्या गाडीचे पुढे काय झाले, हे रोने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहे. बादशहाने आपल्या कारागिरांकडून तिच्यासारखीच दुसरी गाडी करवून घेतली. मूळ गाडीची आतली मखमल निघाली व तेथे भरजरी कापड चढले; पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे खिळे आले. १६१६ साली बादशहाची स्वारी अजमेरहून बाहेर पडली तेव्हा तो स्वतः नव्या गाडीत बसला होता आणि ती नटविलेली विलायती गाडी नूरजहान बेगमेकडे गेली होती.

परदेशातून आलेले वाहन जसेच्या तसे न वापरता आपल्या हाताने बदलून वापरावयाचे, ही रीत अशी जुनी आहे. तीनशे वर्षांनंतर तापीच्या खोऱ्यात अमेरिकन मोटार आली तेव्हा पुन्हा हेच घडले. बादशहाने गाडी बदलली ती शोभेसाठी. तापीकाठच्या माणसांनी मोटार बदलली ती परवडावी म्हणून. आज कोणी जुनी अमेरिकन मोटार माफक किमतीत घ्यावयास निघाला, तर त्याला प्रथम ह्या बदलांचाच हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब दिसतो तितका सरळ नाही.

राज्य इंग्रजांचे असताना मोटार अमेरिकन का, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी इंग्लंडच्या करपद्धतीत आहे. १९२१ पासून तेथे मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर पडू लागला, आणि ही अश्वशक्ती मोजावयाची ती सिलिंडरच्या व्यासावरून. साहजिकच इंग्रज कारखानदारांनी अरुंद सिलिंडरची, लहान व नाजूक इंजिने बांधली. लंडनच्या गुळगुळीत रस्त्यावर ती उत्तम चालत. परंतु काळ्या जमिनीतून गेलेल्या गाडीवाटेवर, जेथे उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात आणि पावसाळ्यात जमीन चाक गिळून टाकते, तेथे त्यांचा निभाव लागणे कठीण होते. अमेरिकेतील शेतकऱ्याची वाट ह्याहून फारशी निराळी नव्हती. त्याच्यासाठी बांधलेली मोटार जमिनीपासून उंच, कमानपाट्यांवर भक्कम बसविलेली व इंजिनाने दांडगी असे.

१९०८ ते १९२७ ह्या काळात हेन्री फोर्डने आपल्या ‘मॉडेल टी’च्या दीड कोटी गाड्या बनविल्या. १९२५ साली तिच्यातील सर्वांत साधा प्रकार अमेरिकेत २६० डॉलरला मिळत असे. हिंदुस्थानात येणारी फोर्ड बहुधा कॅनडातील शाखेकडून येई. ब्रिटन वगळता बाकीच्या साम्राज्याला गाड्या पुरविण्याचा हक्क त्या शाखेकडे होता, म्हणून उजव्या बाजूचे चाक असलेली ‘अमेरिकन’ गाडी आपल्याकडे सुखाने मिळाली. ह्या मोटारीची एक गंमत घाटवाटेच्या लोकांना विशेष रुचावी. तिची पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल केवळ उताराने इंजिनाकडे वाहत असे. चढ फार उभा लागला की पेट्रोल पुढे जाईनासे होई. मग चालक गाडी वळवून उलटी, मागच्या गिअरमध्ये चढवीत. बुऱ्हाणपुराहून खंडव्याकडे जाताना सुमारे वीस किलोमीटरवर असीरगडाच्या पायथ्याशी सातपुडा आडवा येतो. तेथे वाहनाच्या दमाची परीक्षा होते.

पण मोटार नुसती चांगली असून भागत नाही, ती जवळ मिळावी लागते. १९२६ साली फोर्डने हिंदुस्थानात आपली कंपनी काढली, आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना उघडला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यावयाचे आणि शिवडीत त्यांची शेव्हरोले उभी राहावयाची. ह्या कारखान्याच्या जागेकडे लक्ष दिले तर बुऱ्हाणपुराशी असलेला तिचा धागा सापडतो. १९२० च्या दशकात मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्याहून ह्याच शिवडीच्या बाजूस हलला होता. हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ स्थानकाच्या नावात तो आजही आहे. खानदेश, वऱ्हाड आणि निमाड येथील कापसाच्या गाठी रेल्वेने मुंबईस येत. बुऱ्हाणपूर ते मुंबई हे अंतर सुमारे ५०० किलोमीटरचे, आणि जी. आय. पी. रेल्वेचा सरळ रस्ता. गाठीबरोबर सौद्यासाठी मुंबईस येणाऱ्या जिनवाल्याला वा अडत्याला नवी शेव्हरोले पाहण्यासाठी वाकडी वाट करण्याचे कारण नव्हते. १९२९ च्या शेव्हरोलेत सहा सिलिंडरचे इंजिन चार सिलिंडरच्या किमतीत मिळू लागले. व्यापाऱ्याला हे गणित कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तथापि कापूस ज्या हाताने देतो त्याच हाताने घेतो. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि नव्या मोटारींची विक्रीही बसली. वापरलेल्या मोटारीला खरे महत्त्व आले ते अशाच काळात. ऐपतदाराने चार वर्षे वापरलेली फोर्ड किंवा शेव्हरोले दुसऱ्याच्या हाती जाई, तिसऱ्याच्या हाती जाताना तिचा मागचा भाग कापून तेथे फळ्यांच्या बाकांची बॉडी चढे, आणि ती ‘सर्व्हिस मोटार’ होऊन तालुक्याच्या बाजारवाटेवर धावू लागे. ट्रकच्या चासीवर गावच्या सुताराने उभारलेल्या सर्व्हिस मोटारी तर सर्रास होत्या. टपावर पोती, आत माणसे, आणि चढ आला की निम्म्या माणसांनी खाली उतरून ढकलावयाचे, हा त्यांचा रिवाज जुन्या पिढीच्या आठवणींत वारंवार भेटतो. एस. टी. येईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, मुंबई इलाख्यातील खेड्यांना अमेरिकेची ओळख झाली ती मुख्यतः ह्या बाकड्यांवरून.

त्याच वर्षांत बुऱ्हाणपुरापासून सुमारे १८० किलोमीटरवर, इंदुरास, अमेरिकन मोटारीचे अगदी दुसरे टोक पाहावयास मिळे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांनी ड्यूसेनबर्ग ह्या अमेरिकन कंपनीची ‘एस. जे.’ चासी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन माणसांची बॉडी चढविली. तिची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. शिवडीच्या शेव्हरोलेची ४६. आज जगातील जाणकार ह्या गाडीचे नाव आदराने घेतात. येथे लक्षात घेण्याजोगी बाब एवढीच की, महाराजांनीही परदेशी मोटार जशीच्या तशी घेतली नाही. चासी एका देशाची, बॉडी दुसऱ्याची आणि रंगसंगती आपल्या पसंतीची. सर्व्हिस मोटारवाल्याने हेच केले होते. त्याच्या गाडीला मात्र कोणी ‘उत्कृष्ट कारागिरी’ म्हटले नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसल्या. युद्ध संपताच अमेरिकन लष्कराच्या जीप व ट्रक ‘डिस्पोजल’च्या मालात विकावयास निघाले. ह्याच सुमारास मोटार येथेच बनविण्याचा प्रयत्न फळास आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली होती. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद ह्यांनी ती उचलून धरली. युद्धाच्या आरंभी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. परंतु तत्कालीन सरकारने साहाय्य नाकारले. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डी सोटो ही तीन नावे त्यामुळे मराठी घरांत परिचित झाली. तिकडे महिंद्रांनी मुंबईतच विलिस जीपची जुळणी सुरू केली.

कुर्ल्याच्या ह्या तीन नावांविषयी एक गोष्ट आजच्या गिऱ्हाइकाने ध्यानात धरावी. परदेशांसाठी काढलेली डॉज ‘किंग्जवे’ आणि डी सोटो ‘डिप्लोमॅट’ ह्या मुळात प्लिमथच होत्या. पुढची जाळी, बिल्ला आणि किरकोळ नक्षी बदलली की नाव बदले. तेव्हा एकीचा भाग दुसरीला लागतो, आणि केवळ बिल्ल्याच्या मोठेपणासाठी अधिक किंमत मोजणे हा निव्वळ हौसेचा प्रश्न आहे.

१९५३ हे वर्ष ह्या इतिहासातील खरे वळण होय. टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरविले की, क्रमाक्रमाने सर्व भाग येथेच बनविण्याची तयारी असलेल्यांनीच मोटारींच्या धंद्यात राहावे. केवळ जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियरचा भरही हळूहळू लहान फियाटवर गेला. तिच्या पहिल्या गोलमटोल आकृतीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकले. धोरणाचा हेतू स्वावलंबनाचा होता व तो चुकीचा म्हणता येणार नाही. त्याचा एक अनपेक्षित परिणाम मात्र असा झाला की, देशात असलेली अमेरिकन मोटार आता बदलून घेता येईना. तिला जगविणे भाग पडले. नवी अमेरिकन गाडी पाहावयास मिळे ती परदेशी वकिलातींनी आणलेली, आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जाणारी. सिनेनटांच्या दारातील इम्पाला हे त्या दुर्मिळतेचेच अपत्य. १९५९ ची इम्पाला साडेसतरा फूट लांब आणि जवळजवळ पावणेसात फूट रुंद आहे. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या आतल्या गल्ल्यांत ती घालणाऱ्याने आधी बाहेर निघण्याची वाट पाहून ठेवावी हे बरे.

जुन्या मोटारीला जगविले ते मिस्त्रींनी. बुऱ्हाणपुरासारख्या गावी ह्या कामाला लागणारी विद्या आयतीच होती. हे मागांचे शहर आहे. येथे तापी मिल झाली, यंत्रमाग आले, आणि त्यांच्यामागोमाग लेथ, वेल्डिंग व ओतकामही आले. मागाचा बुश कातणाऱ्या माणसाला मोटारीच्या पुढच्या चाकाचा बुश कातण्यास निराळे शिक्षण लागत नाही. मूळ सुटा भाग मिळत नाही म्हणून गाडी उभी राहिली, ही तक्रार अशा गावांत फार दिवस टिकत नाही; भाग घडविला जातो.

पुढे १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव भडकले. एका लिटरला पाच-सहा किलोमीटर जाणारी मोठी गाडी बाळगणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा मिस्त्रींनी सर्वांत मोठी शस्त्रक्रिया केली: पेट्रोलचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी डिझेलचे इंजिन बसविले. प्लिमथ, डॉज, शेव्हरोले अशा कित्येक गाड्या ह्या उपायाने टॅक्सी म्हणून किंवा लग्नाच्या वराती वाहून वर्षानुवर्षे पोट भरीत राहिल्या. क्यूबा ह्या बेटावर असेच घडले आहे. तेथे १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापार तोडला, आणि आधी आलेल्या गाड्या परक्या डिझेल इंजिनांवर चालत राहिल्या. जगभरचे प्रवासी हवानात जाऊन त्यांची छायाचित्रे काढतात. आपल्याकडे मात्र अशा बहुतेक गाड्या भंगारात गेल्या, आणि वाचल्या त्यांच्यापुढे आता कायद्याचा पेच उभा आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या फेरनोंदणीची ५,००० रुपये, आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी नित्य वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावी. ह्या सर्वांत कळीची अट निराळीच आहे: चासी, बॉडी किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

म्हणजे ज्या गाडीला डिझेल इंजिनाने पन्नास वर्षे जगविले, ती ह्या अटीपुढे अडखळते. आणि जी एखाद्या गोदामात धूळ खात निकामी पडली, ती मूळ स्वरूपात राहिली म्हणून मान्य होते. नियम करणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. फेरफारांना मोकळीक दिली तर जुन्या नंबराखाली नवी गाडी चालविणाऱ्यांना रान मोकळे होईल. तरीही ह्या देशातील मोटारीचा इतिहास मूळ अवस्थेत कधी नव्हताच, तो फेरफारांचाच होता, ही वस्तुस्थिती त्या अटीत कोठे बसत नाही. फळ्यांच्या बाकांची एखादी सर्व्हिस मोटार आज सापडली, तर संग्राहक प्रथम ती बाके काढून टाकील.

माफक किमतीत अमेरिकन गाडी शोधणाऱ्याला ह्यातून व्यवहाराचे काही धडे मिळतात. उघड्या टपाची इम्पाला वा ब्यूक ही श्रीमंतांच्या चढाओढीची वस्तू आहे. तिच्या नादी लागू नये. चार दारांची कुर्ल्याची प्लिमथ, डॉज किंवा डी सोटो, आणि विलिसच्या वंशातील जुनी जीप, येथे अजूनही साध्या माणसाला बोलणी करता येतात. जीप तर अमेरिकन आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि त्यामुळे ती स्वस्त राहते. तिला ६००-१६ मापाचा टायर लागतो. १९४० च्या आसपासच्या कित्येक शेव्हरोले व फोर्ड गाड्यांचेही माप हेच. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही हे माप चालते, म्हणून केळी व कापूस पिकविणाऱ्या ह्या भागात दुकानदाराला ते नवे नाही. फक्त ट्रॅक्टरचा नव्हे, रस्त्याचा टायर मागून घ्यावा. गाडी कोकणातून आलेली असेल तर पत्रा खालून ठोकून पाहावा. खानदेश-निमाडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण रबर व गाद्या उन्हाने तडकतात, आणि गाद्या बदलणे पत्र्यापेक्षा पुष्कळ सोपे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांची वीज सहा व्होल्टची होती; बारा व्होल्टची बॅटरी बसविलेली दिसली तर दिवे, स्टार्टर व वायरिंग हेही बदलले आहे काय ते विचारावे.

सर्वांत मोठी गोष्ट कागदांची. आर. सी. बुकातील इंजिन नंबर आणि गाडीवरील नंबर जुळला पाहिजे. डिझेल इंजिन बसविले असेल तर तो बदल आर. टी. ओ.च्या दप्तरी चढलेला आहे की नाही ते पाहिले पाहिजे. चढलेला असेल तर गाडी प्रामाणिक आहे, पण व्हिंटेज नोंदणीची आशा सोडून तिची किंमत ठरवावी. चढलेला नसेल, तर विकणाऱ्याने मूळ इंजिन जपून ठेवले आहे काय, हा प्रश्न किमतीच्या आधी येतो. कुर्ल्याच्या प्लिमथ व डॉज गाड्यांच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर हा नंबर डाव्या बाजूस, पुढच्या अंगाला, जनरेटरच्या वर असलेल्या सपाट जागी ठोकलेला असतो. तेथे सहसा अनेक वर्षांचे वंगण साचलेले असते. रॉकेलची चिंधी घेऊन ती जागा आधी पुसावी, नंबर वाचावा, आणि मग सौद्याला बसावे.